ओल असते, तरी पीक का सुकतं?

सोलापूर, मंगळवेढा, मोहोळ या भागातली रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते. परतीचा पाऊस गेला की तिला बहुधा आभाळातून थेंबही मिळत नाही. पावसाळ्यात काळ्या रानाने जी ओल धरून ठेवली असेल, तिच्यावरच तिला पोटरी, फुलोरा आणि दाणे भरण्यापर्यंतचा प्रवास करायचा असतो. डिसेंबर-जानेवारीत अशा रानात दुपारी गेलं तर जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि ज्वारीच्या पानांची सुरळी झालेली असते. दुसऱ्या दिवशी उजाडताना तीच पानं पुन्हा पसरलेली, टवटवीत दिसतात. रात्रीत पाऊस पडलेला नसतो, कुणी पाणीही दिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून चक्रावणारी आहे. पीक पार सुकून गेल्यावर त्याच्या मुळाशेजारची काळी माती प्रयोगशाळेत १०५ अंश सेल्सिअसला वाळवली, तर १०० घन सेंटिमीटर मातीतून वीस-पंचवीस घन सेंटिमीटर पाणी निघतं. वालुकामय जमिनीत एवढं पाणी जोराच्या पावसानंतर जेमतेम काही काळ टिकतं. म्हणजे वाळूतल्या पिकाला जी चंगळ वाटली असती, तेवढी ओल पायाशी असताना काळ्या मातीतलं पीक मरतं.

या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच ठिकाणी होतो. जमिनीत पाणी किती आहे एवढंच पाहून भागत नाही. मातीने ते किती जोराने धरलं आहे आणि मुळापर्यंत ते किती वेगाने येऊ शकतं, यावर पिकाचं जगणं ठरतं. मुळं आणि सुकती माती यांचं गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेली शंभर-सव्वाशे वर्षं मुख्यतः या वेगाचाच माग काढला आहे.

ओढ कोणाची जास्त

मूळ पाणी उपसतं असं आपण म्हणतो, पण ते ओढण्याचं काम मुळाचं नसतं. झाडाला हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड हवा असतो, म्हणून पानांवरची सूक्ष्म पर्णरंध्रं उघडी राहतात आणि त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते. पानातल्या पेशींच्या भिंती त्यामुळे कोरड्या पडू लागतात आणि मागचं पाणी आपल्याकडे खेचतात. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने ही ओढ खोडातल्या बारीक नळ्यांमधून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोहोचते. आयर्लंडच्या डब्लिन शहरात हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी १८९४ मध्ये हा विचार मांडला आणि आजही तोच आधार मानला जातो. ओढण्याची ऊर्जा सूर्य पुरवतो.

आता या ओढीला मातीची ओढ सामोरी येते. मातीच्या कणांमध्ये लहानमोठ्या पोकळ्या असतात. पोकळी जितकी बारीक, तितकं तिच्यातलं पाणी काढायला जास्त ओढ लावावी लागते. पाऊस थांबून रानाला वाफसा येतो तेव्हा सुमारे एक शतांश मिलिमीटरपेक्षा रुंद पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. उरलेलं पाणी काढायला त्या वेळी ०.३ बारच्या आसपास ओढ पुरते. बार म्हणजे साधारणपणे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका दाब, किंवा दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. पीक पाणी घेत जातं तशा आधी रुंद, मग अरुंद पोकळ्या रित्या होतात. ओढ १५ बारपर्यंत गेली, की पाणी फक्त ०.०००२ मिलिमीटरपेक्षा अरुंद पोकळ्यांत उरतं. मुळावरचा केशतंतूसुद्धा याच्या पन्नासपट जाड असतो. या पातळीला कायम कोमेजण्याचा बिंदू म्हणतात. यानंतर रात्रभर विसावा मिळाला तरी बहुतेक पिकांची पानं सावरत नाहीत.

काळ्या मातीच्या ढेकळातलं ते वीस-पंचवीस टक्के पाणी याच अतिसूक्ष्म पोकळ्यांत आणि चिकणमातीच्या कणांवर चिकटून बसलेलं असतं. वाळूत अशा पोकळ्या जवळजवळ नसतात, त्यामुळे ती कोमेज बिंदूपर्यंत चार-पाच टक्क्यांवर उतरते. काळ्या जमिनीचा मोठेपणा दोन टोकांमधल्या अंतरात आहे. वाफशाला तिच्यात सुमारे चाळीस टक्के पाणी धरलं, तर एक मीटर खोलीत पिकाच्या उपयोगाचं साधारण १५० मिलिमीटर पाणी साठतं. तेच रान ४५ सेंटिमीटरवर मुरमाला टेकत असेल, तर हा साठा निम्म्याहून कमी होतो.

दुसऱ्या टोकाला हवेची ओढ किती असेल? हवेत पन्नास टक्के आर्द्रता असेल आणि तापमान २७ अंश असेल, तर ती ९०० बारहून जास्त भरते. मातीची ओढ १५ बार आणि हवेची ९००, अशा ओढाताणीत झाडाच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे पर्णरंध्रं मिटून घेणं. पण रंध्रं मिटली की कार्बन डाय-ऑक्साइडही बंद होतो आणि अन्न तयार होणं मंदावतं. पानाची सुरळी करून ज्वारी उन्हाला उघडा राहणारा भाग कमी करते, तोही याच बचावाचा भाग.

विहिरीचा उपसा

इथपर्यंतचं सगळं ठीक असलं, तरी दुपारचं कोमेजणं आणि सकाळचं सावरणं यातून कळत नाही. रात्री मातीत नवं पाणी आलेलं नसतं. मग बदललं काय?

एप्रिल-मे महिन्यातली विहीर आठवा. मोटार सुरू केली की तासा-दोन तासांत तळ दिसतो आणि पाइप हवा ओढू लागतो. मोटार बंद करून रात्र जाऊ दिली, की सकाळी विहिरीत पुन्हा पुरुषभर पाणी दिसतं. भूगर्भातलं पाणी दुपारी संपलेलं नव्हतं. आजूबाजूच्या खडकातून झरे जितकं पाणी देऊ शकत होते, त्याहून मोटारीचा उपसा जास्त होता. म्हणून विहिरीलगतची पातळी खोल गेली आणि दूरचं पाणी दूरच राहिलं.

मुळाचंही असंच होतं. दुपारी हवेची मागणी वाढते आणि मूळ आपल्या अंगालगतची माती झपाट्याने सुकवतं. सेंटिमीटरभर अंतरावर ओल असते, पण ती वाहत यायला वेळ लागतो. रात्री मागणी थांबते, दूरची ओल हळूहळू मुळाशी येते, पानं पुन्हा भरतात. विहीर आणि मूळ यांचं साम्य इथे थांबत नाही, दोन्हींचं गणितही एकच आहे. गुंथर थीम या जर्मन अभियंत्याने १९०६ मध्ये विहिरीकडे चारी बाजूंनी येणाऱ्या पाण्याचं सूत्र मांडलं होतं. अमेरिकेत विल्फर्ड गार्डनर यांनी १९६० मध्ये एकट्या मुळासाठी जे सूत्र वापरलं, त्याचा साचा तोच: मध्ये एक बारीक दंडगोल, भोवती माती, आणि पाणी सर्व बाजूंनी आत येणारं.

फरक आहे तो एका कळीच्या गोष्टीत. विहिरीभोवतीचा पाण्याने भरलेला खडक पाणी वाहू देण्याची आपली क्षमता सहसा बदलत नाही. सुकती माती मात्र ती भराभर गमावते. पाण्याच्या रुंद वाटा आधी रिकाम्या होतात. उरलेल्या पाण्याला अरुंद, वळणावळणाच्या पोकळ्यांतून आणि कणांवरच्या पातळ थरांतून सरकावं लागतं. भिजलेली माती आणि कोमेज बिंदूवरची माती यांच्या वाहकतेत लाखो पटींचा फरक पडू शकतो. एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये हे ओळखलं, आणि १९३१ मध्ये लोरेन्झो रिचर्ड्स यांनी ते एका समीकरणात बांधलं. समीकरण शब्दांत असं सांगता येईल: पाणी कमी ओढीकडून जास्त ओढीकडे जातं, त्याचा वेग वाहकतेवर ठरतो, आणि वाहकता स्वतः तिथल्या ओलीवर ठरते. पाणी सरकलं की ओल बदलते, ओल बदलली की वाहकता बदलते, आणि वाहकता बदलली की सरकण्याचा वेगही. यामुळे कागदावर एका दमात उत्तर निघत नाही. संगणक जमिनीचे पातळ थर आणि वेळेचे छोटे तुकडे करून पायरीपायरीने ते काढतो.

चौकट: एका मुळाचा हिशोब

एक चौरस मीटर रान घ्या. कडक उन्हाच्या दिवशी पीक त्यातून ५ मिलिमीटर, म्हणजे ५ लिटर पाणी घेतं असं धरा.

एक मीटर खोलीपर्यंत दर घन सेंटिमीटर मातीत एक सेंटिमीटर मूळ असेल, तर त्या एका चौरस मीटरखाली मुळांची एकूण लांबी १० किलोमीटर होते. म्हणजे मीटरभर मुळाच्या वाट्याला दिवसाला फक्त अर्धा मिलिलिटर पाणी येतं, आणि हे पाणी सरासरी अर्ध्या सेंटिमीटरच्या परिघातून यायचं असतं.

मुळाची त्रिज्या ०.२ मिलिमीटर धरून गार्डनर यांच्या सूत्रात हे आकडे घाला. मातीची वाहकता दिवसाला एक शतांश सेंटिमीटर असेल, तर मुळालगतची आणि दूरची माती यांच्या ओढीत तीन मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकाही फरक पडत नाही. वाहकता दिवसाला सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागावर उतरली, की तोच फरक सव्वीस मीटरवर, म्हणजे अडीच बारच्या पुढे जातो.

आता मुळं दहापट विरळ करा, मागणी तीच ठेवा. फरक साडेतेरा पट वाढतो, कारण प्रत्येक मुळावर दहापट भार येतो आणि पाण्याचं अंतरही वाढतं.

ओल संपते, की पोहोचत नाही?

हा हिशोब सर्वमान्य व्हायला बराच वाद झाला. कॅलिफोर्नियात फ्रँक वायमेयर आणि आर्थर हेंड्रिक्सन यांनी फळबागांवर वर्षानुवर्षं काम करून असं मत मांडलं होतं, की कोमेज बिंदू येईपर्यंत जमिनीतलं सगळं पाणी झाडाला सारख्याच सहजतेने मिळतं. त्यांच्या खोल जमिनींत, खोल मुळांच्या झाडांत हे बऱ्याच अंशी दिसतही होतं. इतरांना मात्र आपल्या पिकांत ओल निम्मी झाली तरी वाढ मंदावलेली दिसे.

आयोवा राज्यात ओवेन डेनमीड आणि रॉबर्ट शॉ यांनी मोठ्या भांड्यांत मका लावून हा गुंता सोडवला. १९६२ मध्ये त्यांनी दाखवलं, की पीक कधी अडचणीत येतं हे मातीइतकंच त्या दिवसाच्या हवेवर अवलंबून असतं. ढगाळ, दमट दिवशी, जेव्हा हवेची मागणी १.४ मिलिमीटरच होती, तेव्हा मातीची ओढ १२ बारपर्यंत चढली तरी मका पूर्ण गतीने पाणी घेत होता. मागणी ६ ते ७ मिलिमीटर असलेल्या दिवशी मात्र मातीची ओढ अवघी ०.३ बार असतानाच त्याला पाणी कमी पडू लागलं. वाफशाच्या जवळपास असलेली माती त्या उन्हात मक्याच्या मुळांना अपुरी ठरली. मला हा प्रयोग या साऱ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. पिकाला पाण्याची निकड आहे का, हे नुसती माती चोळून सांगता येत नाही, आभाळाकडेही पाहावं लागतं.

एक आक्षेप मात्र नोंदवायलाच हवा. १९६९ मध्ये न्यूमन या संशोधकांनी चौकटीतल्यासारखाच हिशोब करून म्हटलं, की पिकांची मुळं इतकी दाट असतात, की माती बरीच सुकेपर्यंत मातीतला अडथळा नगण्यच राहायला हवा. मग खरा अडथळा कुठे आहे? मुळाच्या कातडीतून आत शिरताना, की मूळ आणि माती यांच्या सांध्यात? हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. मुळं सारखी पसरलेली नसतात, जुन्या वाटांत आणि भेगांत झुबक्याने वाढतात, आणि सगळी मुळं सारखं काम करत नाहीत. त्यामुळे सरासरी घनतेवरचा हिशोब वास्तवापेक्षा सोपा ठरतो.

संगणकातलं रान

पिकाच्या प्रत्येक मुळाचा माग ठेवणं एकेकाळी अशक्य होतं, म्हणून संशोधकांनी सोपे मार्ग काढले. नेदरलँड्समधल्या राइंडर फेडेस आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेला मार्ग सर्वांत जास्त वापरला गेला. प्रत्येक थरातल्या ओढीच्या त्यांनी चार खुणा ठरवल्या. पहिल्या खुणेआधी माती इतकी चिबड, की हवेअभावी मुळं काम करत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेमध्ये पीक हवं तेवढं पाणी घेतं. तिसरीपासून घेणं उतरत जातं आणि चौथीला, कोमेज बिंदूवर, शून्य होतं. तिसरी खूण ते मागणीप्रमाणे सरकवतात: उन्हाच्या दिवशी लवकर, शांत दिवशी उशिरा. आयोवातल्या मक्याने शिकवलेला धडा असा सूत्रात उतरला.

त्याहून साधा मार्ग ऑस्ट्रेलियात रुळला. प्रत्येक थरातल्या उपयोगी पाण्यापैकी मुळांना एका दिवसात जास्तीत जास्त एक ठरावीक हिस्सा मिळू शकतो, असं त्यात धरतात. हा हिस्सा दहावा असेल आणि थरात ३० मिलिमीटर पाणी असेल, तर पहिल्या दिवशी ३ मिलिमीटर मिळतं, दुसऱ्या दिवशी २.७, तिसऱ्या दिवशी २.४. आठव्या दिवशी १.४ मिलिमीटरच येतं, जरी थरात जवळपास निम्मं पाणी शिल्लक असतं. खोल थरांत मुळं विरळ असतात, म्हणून तिथला हिस्सा आणखी लहान. वरचा थर सुकला, खाली भरपूर ओल आहे, तरी पीक तहानलेलं, हे रब्बी ज्वारीचं नेहमीचं दुखणं या लहानशा आकड्यात सापडतं. मुळं खाली उतरायलाही वेळ घेतात. ज्वारीत पाणी खेचण्याची सीमा दिवसाला तीनएक सेंटिमीटर खोल जाते.

आता संगणकांची ताकद वाढल्यावर मातीत वाकडीतिकडी पसरलेली सगळी मुळं, त्यांच्या आतल्या नळ्यांसह, त्रिमितीत मांडता येतात. बेल्जियम आणि जर्मनीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये असं प्रारूप प्रसिद्ध केलं. त्यातून एक गोष्ट आपोआप निघते, वेगळी सांगावी लागत नाही: वरची मुळं कोरडी पडू लागली, की खालची जास्त ओढतात. रात्री कधी कधी उलटही घडतं. ओल्या खोल थरातलं पाणी मुळांतून वर येतं आणि कोरड्या वरच्या थरात पाझरतं. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या कोरड्या माळावर सेजब्रश या झुडपात रिचर्ड्स (समीकरणवाले नव्हेत, हे दुसरे) आणि कॉल्डवेल यांनी १९८७ मध्ये हे मोजून दाखवलं होतं.

तरी प्रारूपांत त्रुटी आहेत. मातीबरोबर मूळही सुकतं, बारीक होतं आणि त्याच्याभोवती हवेची फट पडते. त्या फटीतून पाणी वाहू शकत नाही. उलट मुळातून झिरपणारा चिकट स्राव काही काळ आपल्याभोवतीची माती ओली ठेवतो. न्यूट्रॉनच्या किरणांनी जिवंत मुळांची चित्रं काढल्यावर हे दिसलं. आपल्या दृष्टीने मोठी अडचण काळ्या मातीच्या भेगांची आहे. लोरेन्झो रिचर्ड्स यांचं समीकरण सलग माती धरून चालतं. सुकताना आक्रसणारी, हातभर खोल चिरत जाणारी आणि त्या चिरांच्या भिंतींमधून ओल उडवणारी ही काळी माती, म्हणजे रेगूर, त्यात सहजी बसत नाही. खरं तर इथल्या शेतीला सर्वांत उपयोगी ठरेल असं काम इथेच बाकी आहे.

जास्त ओढणारं मूळ नेहमी चांगलं नसतं

पाण्याच्या वेगाचा विचार केल्यावर काही निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघतात. साठलेल्या ओलीवर वाढणाऱ्या पिकाने सुरुवातीलाच भरभरून पाणी घेतलं, तर दाणे भरताना काही उरत नाही. ऑस्ट्रेलियात जॉन पासियुरा यांना वाटलं, की गव्हाच्या सुरुवातीच्या मुळांमधल्या मुख्य नळ्या अरुंद केल्या तर पीक आपोआप काटकसर करेल. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. व्यास ६५ मायक्रॉनवरून ५५ वर आणला, की वहन जवळजवळ निम्म्यावर येतं. रिचर्ड रिचर्ड्स आणि पासियुरा यांनी अशा नळ्यांचा गहू निवडून तयार केला आणि १९८९ मध्ये नोंदवलं, की कोरड्या ठिकाणी तो ३ ते ११ टक्के जास्त उतारा देतो. तिथेच पुढे गव्हावर आणखी एक मोजणी झाली: दाणे भरतानाच्या काळात खोल थरातून मिळालेल्या प्रत्येक जादा मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी ५९ किलो धान्य वाढलं.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या संशोधन संस्थेत ज्वारीची रोपं मातीने भरलेल्या उंच नळकांड्यांत वाढवून, नळकांड्यांचं वरचेवर वजन करून, प्रत्येक वाण कोणत्या आठवड्यात किती पाणी घेतो हे पाहिलं गेलं. एकूण किती पाणी घेतलं यापेक्षा फुलोऱ्यानंतर किती शिल्लक ठेवलं आणि वापरलं, याचा उताऱ्याशी जवळचा संबंध दिसला.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशी या नजरेने वाचल्या, तर त्यांच्यामागचं गणित उघड होतं. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. जमीन जितकी उथळ, तितका साठा लहान आणि तितका लवकर आटोपणारा वाण. दोन ओळींत ४५ आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात, कारण विरळणी टाळून दाटी होऊ दिली तर नोव्हेंबरातच पुढचं पाणी खर्ची पडतं. पेरणीनंतर आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने भेगा बुजवायच्या, म्हणजे मुळांची वाट पाहत असलेली ओल उडून जाणार नाही. आणि विहिरीत एकच पाणी देण्यापुरता साठा असेल, तर ते पीक पोटरीत असताना द्यायचं. तोवर वरच्या थरातली दाट मुळं कोरड्या मातीत रिकामी बसलेली असतात, खालची विरळ मुळं मागणी पुरवू शकत नसतात. त्या वेळी वरच्या थरात मुरलेलं पाणी काही मिलिमीटर अंतरावरूनच मुळांना मिळतं, आणि थेट कणसाच्या कामी येतं.